काम वाटायचे की माणसे?

आपल्या चळवळीतील बहुतेक बैठका एकाच वाक्यावर संपतात : "आपण सगळे मिळून करू." वाक्य ऐकायला गोड आहे. टाळ्याही पडतात. पण आठ दिवसांनी विचारा की कोणी काय केले, तर पहिला दुसऱ्याकडे बघतो आणि दुसरा तिसऱ्याकडे. सगळ्यांनी मिळून करायचे काम कोणाचेच नसते. शेवटी नेहमीचीच दोन-तीन माणसे रात्रभर राबतात आणि बाकीचे सकाळी पांढरे कपडे घालून फोटोला उभे राहतात. पुढच्या वर्षी राबणारी माणसे येत नाहीत. मग आपण म्हणतो, समाजात एकी नाही. एकी होती हो! कामाची वाटणी नव्हती.

गेली सहा वर्षे आम्ही मराठवाड्यातील वस्त्यांमध्ये तरुण मंडळांना आणि महिला मंडळांना एक साधी गोष्ट शिकवतो आहोत : हाती घेतलेल्या उपक्रमाचे नियोजन कसे करायचे आणि त्यातली जबाबदारी कोणाला, कशी द्यायची. जागा विहाराची नाही तर समाजमंदिराची, वेळ रविवारच्या वंदनेनंतरची. फळा, खडू आणि शंभर पानी वही एवढेच साहित्य.

या कामाबद्दल आम्हाला दोन्हीकडून बोलणी बसतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, "पोरांनो, चळवळ वहीवर चालत नसते, काळजावर चालते." शिकलेले तरुण म्हणतात, "हे तर कंपन्यांचे मॅनेजमेंट. ते इथे कशाला?" दोघांनाही एकदाच उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

कामवाटपाचा आपला इतिहास

कामाचे वाटप कंपन्यांनी शोधून काढले असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी आपल्या आजोबा-पणजोबांचे गाव आठवावे. गाव ही कामवाटपाची फार पक्की यंत्रणा होती. कोण नांगर धरणार, कोण मडके घडवणार, कोण मेलेले जनावर ओढणार, हे माणूस जन्माला येण्याआधीच ठरलेले असे. महारकी हे त्या वाटपाचे नाव. सांगावा पोचवा, हद्द दाखवा, सरकारी वसूल तालुक्याला न्या, अंमलदार आला की त्याची सरबराई करा. यादी कुठे संपते हे कोणालाच माहीत नव्हते, कारण ती संपतच नव्हती.

मुंबई इलाख्यात या वतनांना १८७४ च्या कायद्याचे बळ होते. आमच्या मराठवाड्यात राज्य निजामाचे होते, पण गावाने सांगितलेले काम चुकत नव्हते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात त्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. तेव्हाचा त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. या कामाला वेळेची मर्यादा नाही, दिवस-रात्र कधीही बोलावणे येते, वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला धरून नेतात आणि मोबदला मात्र कोणी धड देत नाही, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. ही वतने संपवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

आम्ही तरुणांना शिकवायला सुरुवात करतो ती इथून. फळ्यावर वेठीच्या पाच खुणा लिहितो. काम जन्माने मिळते. काम नेमके काय ते सांगितलेले नसते. ते कधी संपेल हे ठरलेले नसते. नाही म्हणता येत नाही. आणि काम करणाऱ्याच्या हातात अधिकार शून्य. मग विचारतो, याच्या उलट काय? मुलेच सांगू लागतात : काम संमतीने मिळावे, नेमके असावे, त्याला तारीख असावी, नाही म्हणण्याची मुभा असावी आणि कामापुरता निर्णयाचा अधिकार असावा. झाली की जबाबदारीची व्याख्या! ती शिकायला कोणत्याही कंपनीत जावे लागले नाही. आपल्या आजोबांचे आयुष्य उलटे वाचले की पुरते.

समाजशास्त्रात एम. ए. करताना आम्हाला दुर्खीम शिकवला गेला. श्रमविभागणीवरचा त्याचा ग्रंथ १८९३ चा. श्रमविभागणीने समाज जोडला जातो असे तो म्हणतो, पण माणसाचा कल आणि कुवत न पाहता काम लादले की ती विभागणी सक्तीची होते आणि समाज आजारी पडतो, हेही तो मान्य करतो. ज्या वर्गात हे शिकवले त्याच वर्गात बाबासाहेबांच्या १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'चा उल्लेख झाला नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीच करता न आलेल्या त्या भाषणात बाबासाहेब दुर्खीमच्याही पुढे जातात. जात म्हणजे केवळ कामाची वाटणी नसून ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे आणि तीही एकावर एक अशा पायऱ्यांची, हा त्यांचा सिद्धान्त. चळवळीत कामे वाटताना आम्ही हाच सिद्धान्त कसोटी म्हणून वापरतो : आपण काम वाटतो आहोत की माणसे?

न लिहिलेली यादी

ही कसोटी आपल्यालाच लावून पाहा. प्रत्येक नव्या मंडळाकडून आम्ही एक गोष्ट करून घेतो. मागच्या भीमजयंतीची सगळी कामे आठवायची, फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायची आणि उजव्या बाजूला ते काम खरोखर कोणी केले त्याचे नाव. पदाधिकाऱ्याचे नाव चालत नाही, करणाऱ्याचेच हवे.

एका वस्तीत हा फळा भरला तेव्हा विहारात शांतता पसरली. भात-भाजी, रांगोळी, बुद्धवंदनेची मांडणी, पाहुण्यांचे चहापाणी यांपुढे सगळी बायकांची नावे. मिरवणूक संपल्यावर रस्ता झाडण्यापुढे दोन मुलांची नावे, आणि दोघांचेही वडील नगरपालिकेत सफाई कामगार. माईकपुढे इंजिनिअरिंगच्या मुलाचे नाव. वर्गणी आणि हिशेबापुढे नोकरदारांची. हे कोणी ठरवले होते? कोणीच नाही. कोणत्याही बैठकीत असा ठराव झालेला नव्हता. तरीही प्रत्येकाला आपापली जागा माहीत होती.

न लिहिलेली यादी ही सगळ्यांत जुनी यादी असते. आपण नियोजन केले नाही म्हणजे नियोजन नसते असे नाही. आपल्या आधी गावाने करून ठेवलेले नियोजन चालू राहते. म्हणून "आमच्यात सगळे आपोआप होते" असे कोणी अभिमानाने सांगितले की आम्हाला भीती वाटते. आपोआप होते ते परंपरेने होते, आणि आपली परंपरा काय होती ते वर लिहिलेच आहे.

त्या दिवशी महिला मंडळातल्या एक ताई उठल्या. दहा-बारा वर्षे बचत गट चालवणाऱ्या. बँकेचे हप्ते, व्याज, दंड सगळे त्यांच्या बोटांवर. त्या म्हणाल्या, "भात लई वर्षं शिजवला. आता मला हिशेबाची वही द्या." खजिनदारांनी हसून विषय टाळायचा प्रयत्न केला. पण फळा समोरच होता. फळ्यावर लिहिलेले हसून पुसता येत नाही. लिहिण्याचा हा पहिला फायदा.

महाड काळजावर झाले, आणि वहीवरही

आता जुन्या कार्यकर्त्यांच्या आक्षेपाकडे येऊ. चळवळ काळजावर चालते, हे खरेच आहे. पण महाड आठवा. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांची कितीतरी आधीपासूनची पायपीट होती. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला होता, १९२४ ला महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे आधी कायद्याचा आधार, मग जागा, मग गावोगाव निरोप, मग परिषद. ज्या तळ्याच्या हक्कासाठी माणसे जमली होती त्याच गावात पिण्याच्या पाण्यासाठी संयोजकांना चाळीस रुपये मोजावे लागले. याची तरतूद कोणीतरी केली होती, तो पैसा कोणीतरी बाजूला ठेवला होता. इतिहासात चवदार तळ्याची ओंजळ राहिली. पण त्या ओंजळीपर्यंत हजारो माणसे तहानलेली न राहता पोचली, ती कोणाच्या तरी जबाबदारीमुळे.

डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रहाला तर बाजारपेठेने पाठ फिरवली होती. सभेसाठी जागा मिळाली ती एका मुसलमान गृहस्थाची. शिधासामान बाहेरून आणावे लागले. ही सगळी व्यवस्था अनंतराव चित्रे यांनी आधीपासून तिथे राहून अंगावर घेतली होती. एक माणूस, एक ठरलेले काम, आणि ते पार पाडण्याचा अधिकार. पुढे नाशिकला २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. तो पुढची काही वर्षे टिकला तो तुकड्या पाडल्या म्हणून, कोणी कुठल्या दारावर बसायचे हे ठरले होते म्हणून आणि दादासाहेब गायकवाडांसारखा माणूस रोजचा कारभार पाहत होता म्हणून.

आणि १४ ऑक्टोबर १९५६? लाखो माणसे नागपुरात उतरली. वामनराव गोडबोले, सदानंद फुलझेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कसे पेलले असेल याचा विचार आपण दीक्षाभूमीवर फोटो काढताना करतो का? मैदान, मंडप, पाणी, राहण्याची सोय, समता सैनिक दलाचा बंदोबस्त. यांतले काहीही आपोआप झालेले नाही.

तेव्हा काळीज आणि वही यांचे भांडण आपण लावले आहे. आपल्या पूर्वजांनी ते लावले नव्हते.

एका उपक्रमाची गोष्ट

तत्त्व सांगून कोणी शिकत नाही. म्हणून आम्ही कोणत्याही मंडळाला शिकवताना खरा उपक्रम घेतो, ज्याच्या चुकीची किंमत खरी असते. गेल्या वर्षी एका वस्तीत आम्ही जात पडताळणीचा विषय घेतला.

आपल्या घरोघरी हे दुखणे आहे. पोरगी बारावीत मार्क मिळवते, प्रवेश यादीत नाव येते, आणि जात वैधता प्रमाणपत्र नाही म्हणून जागा हातची जाते. जातीचा दाखला देण्याचा आणि पडताळणीचा महाराष्ट्राचा २००० चा कायदा पुराव्याची जबाबदारी अर्जदारावर टाकतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहिला जातो. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनीच पूर्वजांचा शाळेचा पुरावा आणायचा. त्यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल. पण लढा चालू असताना पोरांचे वर्ष वाया जाऊ देता येत नाही.

वस्तीत अकरावी-बारावीची १७ मुले निघाली. मंडळाचा पहिला ठराव अपेक्षेप्रमाणे होता : "एक मोठे मार्गदर्शन शिबिर घेऊ. साहेबांना बोलवू. बॅनर लावू." आम्ही विचारले, शिबिराच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या हातात कोणता कागद येईल? उत्तर आले नाही. मग बॅनर बाजूला ठेवला आणि फळ्यावर शेवटची गोष्ट सर्वांत वर लिहिली : प्रवेशाच्या वेळी वैधता प्रमाणपत्र हातात. आणि तिथून मागे यायला सुरुवात केली. त्याआधी काय लागेल? समितीकडे अर्ज, आणि समितीला लागणारा वेळ. त्याआधी? महाविद्यालयाचे पत्र. त्याआधी? वंशावळीचे शपथपत्र. त्याआधी? वडिलांचा, आजोबांचा, चुलत्यांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश निर्गम उतारा. त्याआधी? गावाला जाणे. मागे मागे येत मुले जिथे पोचली तो महिना अकरावीच्या वर्षातला होता. "म्हणजे निकाल लागल्यावर आपण धावतो तेव्हा उशीर झालेलाच असतो," एक मुलगा म्हणाला. हे वाक्य आम्ही दहा भाषणांत सांगूनही पटले नसते.

मग आला क्रम. कोणते काम आधी आणि कोणते नंतर? मुलांनी वंशावळीचे शपथपत्र आधी धरले होते, कारण ते तालुक्यालाच होते, सोपे होते. आम्ही म्हटले, आजोबांचे नाव शाळेत 'किसन' आहे की 'किसना' आहे हे माहीत आहे का? जात 'महार' लिहिली आहे, 'नवबौद्ध' की 'बौद्ध'? जुना कागद हातात येण्याआधी शपथ घेतली आणि नाव जुळले नाही, तर पुन्हा शपथपत्र, पुन्हा मजुरी बुडणार. तेव्हा सोपे काम आधी असा नियम नाही. ज्या कामावर बाकीची कामे टेकलेली आहेत ते आधी.

आणि त्याच्याही आधी एक काम सापडले, जे कोणाच्याच यादीत नव्हते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आधीच वैधता मिळाली असेल, तर तो मोठा पुरावा असतो. म्हणजे पहिले काम फोन करण्याचे! एका मुलीने ते घेतले. चार दिवसांत तिने १७ घरांच्या चुलत्या-आत्यांना फोन केले. तीन घरांत वैधता निघाली. तीन मुलांची महिनाभराची वणवण फोनवर वाचली.

त्यानंतर वहीत पाच रकाने आखले : काम, कोणाचे, कधीपर्यंत, काय लागेल, अडले तर कोणाला सांगायचे. दुसऱ्या रकान्यावर सर्वांत जास्त वाद झाला. कोणी लिहिले 'युवक मंडळ'. आम्ही खोडले. मंडळ सकाळी सहाच्या एसटीत बसत नाही, माणूस बसतो. एका कामापुढे एकच नाव, आणि शेजारी एक जोडीदार, आजारपणासाठी. जोडीदार म्हणजे धनी नव्हे, हेही सांगावे लागले. 'काय लागेल' या रकान्यात पैसे लिहायचे आणि ठरलेल्या रकमेपर्यंत खर्चाला पुन्हा विचारायचे नाही, हेही ठरले. एसटीच्या तिकिटासाठी ज्याला अध्यक्षांच्या दारात उभे राहावे लागते, त्याला जबाबदारी दिलेली नसते. त्याला पिटाळलेले असते.

हिशेबाची वही त्याच ताईंकडे गेली.

जुने दप्तर पाहायला गेल्यावर नवी अडचण निघाली. निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत, काही मोडीत. अर्ध्या मुलांना ओळच लागेना. यादीत एक नवे काम वाढले : वाचणारा माणूस शोधणे. एका मुलाने शेजारच्या मोहल्ल्यातले निवृत्त उर्दू शिक्षक गाठले. मोडी वाचणारे जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाले. एका कार्यालयात एका मुलाला तीनदा परत पाठवले, प्रत्येक वेळी नवा कागद मागून. पण त्याने वहीत तारीख, वेळ आणि काय मागितले ते लिहून ठेवले होते. चौथ्या वेळी त्याने वही उघडून टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. अर्ज घेतला गेला.

१७ पैकी १५ अर्ज वेळेत दाखल झाले. एका मुलाने मधेच शिक्षण सोडले आणि ऊसतोडीला गेला. वहीत त्याच्या नावापुढे रेघ मारताना कोणाचा हात धजेना. एका मुलीच्या आजोबांच्या गावच्या शाळेचे त्या सालचे रजिस्टर वाळवीने खाल्ले होते. तिच्यासाठी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचा शोध अजून चालू आहे आणि त्या कामापुढे आजही एक नाव आणि एक तारीख आहे. आम्हाला विचाराल तर उपक्रमाचे यश या शेवटच्या ओळीत आहे. पूर्वी अशी मुलगी विसरली गेली असती.

संघाची रीत

हे सगळे परके वाटणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की सभागृहाचे नियम भिक्खू संघाला ठाऊक होते : ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव, सगळे. आपण हे वाक्य लोकशाहीच्या अभिमानासाठी वापरतो. पण संघात कामे कशी वाटली जात, ते विनयपिटकात उघडून पाहत नाही.

विनयात निवास नेमून देणारा वेगळा, भोजनाची वाटणी करणारा वेगळा, कोठार सांभाळणारा वेगळा. ही नेमणूक कोणी एक जण करत नसे. संघापुढे नाव मांडले जाई आणि संघाची संमती घेतली जाई. पात्रता काय असावी? छंद, दोस, मोह आणि भय या चारांच्या आहारी जाऊन जो वागत नाही, म्हणजे आवड-निवड, द्वेष, अज्ञान आणि भीती यांनी ज्याचा निर्णय बदलत नाही, आणि काय वाटले व काय वाटायचे राहिले हे ज्याला कळते, तो. वय, घराणे, आवाज यांचा उल्लेखही नाही. आमच्या मंडळांना आम्ही हे चार शब्द पाठ करायला सांगतो. भाच्याला काम दिले तर छंद, भांडण झालेल्याला डावलले तर दोस, माहिती न घेता दिले तर मोह, दादाला घाबरून दिले तर भय.

चुल्लवग्गात बांधकामाच्या जबाबदारीविषयी, नवकम्माविषयी, तर नियमच आहेत. आळवीचे भिक्खू मातीचा गोळा लावण्यासारख्या किरकोळ गोष्टीसाठीही ही जबाबदारी देऊ लागले आणि ती वीस वर्षांसाठी, तीस वर्षांसाठी, काही वेळा तहहयात देऊ लागले. तथागतांनी ते बंद केले. काम पाहून मुदत ठरवायची : लहान विहाराला पाच-सहा वर्षे, मोठ्याला दहा-बारा. आणि एकाला दोन कामे द्यायची नाहीत.

तहहयात नाही, आणि एकाला दोन नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे दोन नियम आज आपल्या किती संस्था पाळतात? वीस वर्षे एकच अध्यक्ष, तोच सचिवाचे काम बघणारा, तोच वक्ता, तोच वर्गणीचा धनी. बरे, त्यातले बरेच जण प्रामाणिक असतात. घर विकून चळवळ केलेले असतात. त्यांच्या त्यागाबद्दल आम्हाला आदर आहे. पण ज्या झाडाखाली दुसरे झाड वाढत नाही, त्याची सावली कितीही थंड असली तरी उद्याचे ऊन कोण अडवणार? एका माणसाने सगळे केले तर बाकीचे प्रेक्षक होतात. आणि प्रेक्षक टाळ्या देतात, खांदा देत नाहीत.

वही लिहिल्याने पाळत वाढते, माणसांवर अविश्वास होतो, असाही आक्षेप येतो. आमचा अनुभव उलटा आहे. वही नसते तेव्हा अफवा असते : "अमक्याने पैसे खाल्ले", "तमका नुसता मिरवतो". वही असली की आरोप करणाऱ्याला तारीख आणि आकडा दाखवता येतो. मात्र वहीचा एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. रविवारी वीस मिनिटे ती वाचायची, तेव्हा "का केले नाहीस?" असे विचारायचे नाही. "कुठे अडले?" असे विचारायचे. पहिला प्रश्न मुकादमाचा आहे, दुसरा सोबत्याचा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या जयंतीची बैठक लागेल तेव्हा एवढेच करा. मागच्या वर्षीची कामे आणि ती करणाऱ्यांची खरी नावे फळ्यावर लिहा. झाडू कोणाकडे होता आणि माईक कोणाकडे, ते सगळ्यांना बघू द्या. मग पहिले काम ठरवा, त्यापुढे एक नाव लिहा, आणि लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा, "जमेल का?" तो नाही म्हणाला तर रागावू नका. आपल्या आजोबांना तो शब्द उच्चारता येत नव्हता. तो उच्चारता येतो आणि तरीही माणूस हो म्हणतो, तेव्हाच त्या हो ला वजन येते. अशा होकारांवर उभी राहिलेली संघटना कोणी फोडू शकत नाही.

जय भीम!